टूडी इको नॉर्मल, तरी हृदयात लोह? भावासाठी विचारतेय

खाडीकाठ (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, सध्या नोकरीसाठी मुंबईत. धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय २८, गावी आंब्याची बाग बघतो.

गेली दोन वर्षं त्याला सारखा थकवा. हंगामात पेट्या उचलायला लागला की दम लागायचा. आईचं एकच, रक्त कमी झालंय. म्हणून रोज बीट, खजूर आणि लोहाचं टॉनिक. त्या टॉनिकच्या दोन बाटल्या मीच मुंबईहून नेल्या होत्या. आता ते आठवलं की जिवाचं पाणी होतं.

रंगही काळवंडत गेला. बागेत उन्हात असतो म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गणपतीत घरी गेले तेव्हा आरतीला तो शेजारी उभा होता. सोवळं नेसला होता, वर उघडा. पाठ आणि काखेजवळची कातडी, जिथे ऊन लागतच नाही, तीही तशीच राखाडी-तपकिरी. तेव्हा मला काहीतरी खटकलं. दुसऱ्या दिवशी साखर तपासली तर २८०.

फिजिशियननी पुढच्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन १४.८, म्हणजे रक्त कमी नव्हतंच. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ३९००. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन ९४ टक्के. निदान, हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे लोह साठण्याचा आनुवंशिक आजार. आमच्या सात पिढ्यांत कुणी हे नाव ऐकलं नसेल.

टूडी इकोत पंपिंग ५५ टक्के आलं, खाली लिहिलंय नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात हृदयाचा एमआरआय करा, तोही लोह मोजणारा, 'टी-टू-स्टार' प्रकारचा. तो आमच्या जिल्ह्यात होत नाही, घाट चढून जावं लागेल आणि खर्चही बराच आहे. बाबा म्हणतात इको चांगला आलाय, मग हे कशाला? त्यांना काय सांगू तेच मला कळत नाहीये. कुणाला अनुभव आहे का?

समई | सोमवार, रात्री १०:५२

ताई, टॉनिकचं मनाला लावून घेऊ नका. थकलेल्या मुलाला आपल्याकडे कुठलीही आई हेच देईल. जाणकार येतीलच, धागा वर ठेवतेय.

आंबेमोहोर | सोमवार, रात्री ११:३०

घाबरू नका. फेरिटिन आजकाल कुणाचंही वाढलेलं दिसतं. माझं ६०० होतं, फॅटी लिव्हरमुळे. वजन कमी केलं, खाली आलं. प्रत्येक आकड्यामागे एमआरआय करत बसलो तर जमीन विकावी लागेल. माझं मत, सहा महिने थांबा.

निवृत्त_इको | मंगळवार, सकाळी ६:४०

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. आयुष्यभर इको केले, आता रत्नागिरीत असतो. आंबेमोहोर यांच्याशी सहमत नाही, आणि हे सांगणं गरजेचं वाटतं.

फेरिटिन एकटं वाढलं तर त्याची कारणं बरीच, संसर्ग, दारू, फॅटी लिव्हर, मधुमेह. पण सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर गेलं की लोहाचा विचार करावाच लागतो. इथे ते ९४ आहे. ट्रान्सफरिन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारी गाडी. ती जवळपास भरलेली आहे. मग उरलेलं लोह मोकळं फिरतं, आणि ते हृदयाच्या स्नायूत कॅल्शियमच्या वाटांनी आत शिरतं. शिरायला वाट आहे, पण लोह मुद्दाम बाहेर टाकायची कुठलीही व्यवस्था शरीराकडे नाही. रोज १-२ मिलिग्रॅम आत येतं आणि तेवढंच पेशी झडून जातं. हा तोल यकृतात तयार होणारं हेप्सिडिन सांभाळतं. या आजारात तेच कमी पडतं.

आता पंपिंगबद्दल. लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणा. भात्याचं कातडं कडक झालं तरी दाबलं की वारा बाहेर पडतो. आधी बिघडतं ते उघडणं. लोहाने हृदयाचंही तसंच होतं. आकुंचन बराच काळ ठीक राहतं, पण सैल पडणं बिघडतं. पंपिंगचा आकडा फक्त दाबण्याचा आहे. म्हणून ५५ टक्के वाचून मी निश्चिंत होणार नाही. त्या रिपोर्टमध्ये डायस्टॉलिक फंक्शनबद्दल, म्हणजे सैल पडण्याबद्दल, काय लिहिलंय ते बघा. टिश्यू डॉपलर आणि स्ट्रेन, म्हणजे इकोमधलीच जास्त बारीक मापं, केली असतील तर आणखी कळेल. पण त्यातून हृदय कडक झालंय एवढंच दिसतं. ते लोहामुळे का, हे इको सांगू शकत नाही.

आंबेमोहोर | मंगळवार, सकाळी ९:०५

डॉक्टर, सॅच्युरेशनकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ताई, थांबा म्हणालो ते मागे घेतो.

थॅलॅसेमियाची_आई | मंगळवार, दुपारी २:२०

माझा मुलगा १९ वर्षांचा, थॅलॅसेमिया मेजर, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. सहा महिन्यांचा होता तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढतं. त्याच्या अंगात लोह येतं ते चढवलेल्या रक्तातून, तुमच्या भावाच्या अंगात आतड्यातून. पण हृदयात जाऊन ते करतं एकच.

टी-टू-स्टार आमच्या घरात कॅलेंडरवर लिहिलेला असतो. एक गोष्ट चटका बसून शिकलेय ती सांगते. मुलाचं फेरिटिन एकदा १८०० होतं, सगळे म्हणाले छान आटोक्यात आहे. यकृतातलं लोहही बेताचं. आणि हृदयाचा टी-टू-स्टार आला ११. मी तो कागद घेऊन हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिले होते. फेरिटिनवरून हृदयाचा अंदाज बांधू नये. यकृतावरूनही नाही.

आकडे लक्षात ठेवा. २० मिलिसेकंदांच्या वर चांगलं. २० च्या खाली म्हणजे हृदयात लोह आहे. १० च्या खाली धोका मोठा. इथे आकडा जितका लहान तितकं लोह जास्त, हे आजोबांना समजावताना आमची पुरेवाट झाली होती.

त्या ११ चे आज २४ आहेत. पाच वर्षं लागली. पण लोह निघतं, ताई.

बिडाची_कढई | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

एक शंका. आमच्याकडे अजून बिडाच्या तव्यावर घावणे आणि लोखंडी कढईत आमसुलाचं सार असतं. आंबट घातलं की लोह जास्त उतरतं म्हणतात. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणीही कळशीला तांबूस थर आणतं. कोकणात हा आजार त्यामुळे होतो का?

एमआरआय_टेबल | मंगळवार, रात्री ८:४५

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे, कोल्हापूरला. कढईचं डॉक्टर सांगतील, मी माझ्या कामाचं सांगतो.

लोह साठतं ते गंजासारख्या कणांच्या रूपात. एमआरआय म्हणजे मोठं चुंबक. हे कण आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतात, आणि तिथला सिग्नल लवकर मरतो. किती लवकर, त्याचं माप म्हणजे टी-टू-स्टार, मिलिसेकंदांत. रुग्णाला श्वास रोखून धरायला सांगतो आणि तेवढ्या एकाच दमात हृदयाच्या एकाच छेदाची लागोपाठ सात-आठ चित्रं घेतो, प्रत्येक थोड्या उशिराने. निरोगी हृदयात शेवटच्या चित्रातही स्नायू राखाडी दिसतो. लोह असलं की तिसऱ्या-चौथ्या चित्रातच तो काळा पडायला लागतो. शेजारचं यकृत तर कधीकधी पहिल्याच चित्रात डांबरासारखं असतं.

माप घेतो दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर. बाकीच्या भिंतींना फुप्फुसातली हवा आणि शिरा लागून असतात, तिथे लोह नसतानाही सिग्नल बिघडतो.

आता मुद्द्याचं. प्रत्येक सेंटरकडे हा प्रोग्राम नसतो. फोन करून स्पष्ट विचारा, 'हृदयाचा टी-टू-स्टार आकडा रिपोर्टमध्ये देता का?' मशीन १.५ टेस्लाचं आहे का तेही विचारा, टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. २० आणि १० या सीमा त्याच मशीनवर ठरलेल्या आहेत, ३ टेस्लावर आकडे वेगळे येतात. लोह मोजायला शिरेतून रंगाचं इंजेक्शन लागत नाही.

निवृत्त_इको | मंगळवार, रात्री ९:३०

उत्तम लिहिलंत. ही पद्धत लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या गटाने २००१ साली मांडली. त्याआधी हृदयातलं लोह बघायचं तर स्नायूचा तुकडा काढावा लागे. लोह सगळीकडे सारखं नसतं, जास्त असतं ते बाहेरच्या थरात, आणि तुकडा काढला जातो आतून. म्हणजे लोह असूनही तुकडा स्वच्छ येऊ शकायचा. २००९ मध्ये थॅलॅसेमियाच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. ज्यांचं हृदय पुढे वर्षभरात निकामी व्हायला लागलं, त्यांतल्या ९८ टक्क्यांचा टी-टू-स्टार १० च्या खाली होता. ताई, बाबांना हा आकडा सांगा.

कढईचं. नाही, कोकणातली कढई किंवा जांभा हे याचं मूळ नाही. मूळ जनुकात आहे. युरोपीय लोकांत एचएफई नावाच्या जनुकातला सी-२८२-वाय हा बदल मोठ्या प्रमाणावर सापडतो. ते जनुक १९९६ साली सापडलं. आपल्याकडे तो बदल फार विरळा. २८ व्या वर्षी मधुमेह, रंग आणि दम हे सगळं एकत्र दिसलं की मला तरुणपणी येणारा प्रकार आठवतो. त्यात बिघाड बहुधा हेमोज्युवेलिन नावाच्या जनुकात असतो, आणि हृदयावर हल्ला लवकर होतो. म्हणूनच तुमचे डॉक्टर घाई करताहेत. त्यांचं बरोबर आहे. दाढी विरळ होणं असं काही आहे का तेही बघा. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतही लोह साठतं, आणि मग पुरुषी हार्मोन कमी पडतात.

गजालीकार | मंगळवार, रात्री १०:२०

बाय, भावाक सांग, कालवां कच्ची खावची नाय. आमच्या हय ओहोटीक खडपार बसान, कोयतीन फोडून, लिंबू पिळून तशीच तोंडात टाकणारे आसत. मी सोता त्यातलो. डॉक्टर, लोहवाल्यांक ह्या चलात काय?

निवृत्त_इको | मंगळवार, रात्री १०:४०

गजालीकार, तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. अजिबात चालत नाही. उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो आणि लोहावर तो झपाट्याने वाढतो. अंगात लोह साठलेल्या माणसाला कच्च्या कालवातून जिवावर बेतेल असा संसर्ग होऊ शकतो. पायाला जखम असताना खाडीत उतरणंही टाळायचं. तिसऱ्या, खुबे, कालवं नीट शिजवून खाल्ली तर हरकत नाही.

गजालीकार | मंगळवार, रात्री १०:४८

म्हणजे कालवां बंद नाय, लिंबवाली बंद. भावाक म्हणा, सुक्याच्या वाटयेक माझ्याकडे ये. नारळ मी खवतंय.

खाडीकाठ | बुधवार, पहाटे १२:३५

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरकाका, दाढीचं वाचून अंगावर काटा आला. वर्षभरात ती खरंच विरळ झालीय, आणि लग्नाचा विषय काढला की तो उठून बागेत जातो. आम्ही त्याला चिडवायचो.

बाबांना थॅलॅसेमियाच्या आईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, गाडी कितीची ठरवायची?

थॅलॅसेमियाची_आई | बुधवार, सकाळी ७:१५

दाढीचा, लग्नाचा विषय घरात नीट बोला. हार्मोन तपासता येतात, उपचार असतात. माझ्या मुलाचे चालू आहेत. हे तो एकटाच मनात घेऊन बसला असेल, आणि तेच जास्त जड असतं.

वनौषधी | बुधवार, दुपारी १२:००

आपल्याकडे रक्तमोक्षण पूर्वीपासून आहे. जळवा लावून घ्याव्यात, एवढ्या मशिनी कशाला?

निवृत्त_इको | बुधवार, दुपारी १:१०

रक्त काढणं हाच या आजाराचा मुख्य उपाय आहे, तिथे तुमचं माझं जुळतं. पण हिशेब बघा. ४५० मिलिलिटरच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. निरोगी माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, या आजारात ते २० ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे ८०-१०० पिशव्या. जळू काही मिलिलिटर पिते. तिच्या भरवशावर हृदयाला थांबवून ठेवता येणार नाही. आणि लोहभस्म, मंडूरभस्म घरात असेल तर ते आधी बंद करा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही नकोत, त्याने लोह आणखी शोषलं जातं.

कढईचं उत्तरही यातच आहे. तव्यातून उतरणारं लोह पिशवीपुढे नगण्य. तरी बिडाची भांडी सध्या बाजूला ठेवा. जेवणासोबत चहा घेतला तर चांगलंच, चहाने लोहाचं शोषण कमी होतं.

बिडाची_कढई | बुधवार, दुपारी ३:३०

जेवताना चहा! माझ्या सासूबाईंना आज पहिल्यांदा वैद्यकीय पाठिंबा मिळाला.

खाडीकाठ | १२ दिवसांनी, रात्री ९:००

थोडं मन मोकळं करते. एमआरआय झाला, पण वाया गेला. फोनवर 'हृदयाचा एमआरआय होतो' म्हणाले म्हणून एका सेंटरवर गेलो. पहाटे चारला निघालो, घाटात भावाला दोनदा उलटी झाली. तिथे इंजेक्शन देऊन पाऊण तास चित्रं काढली. रिपोर्टमध्ये कप्प्यांची मापं आहेत, पंपिंग ५० टक्के आहे, टी-टू-स्टारचा आकडाच नाही. विचारलं तर म्हणे तो प्रोग्राम आमच्याकडे नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण परत येताना भाऊ म्हणाला, 'ताई, राहू दे आता.' ते फार लागलं.

एमआरआय_टेबल | १२ दिवसांनी, रात्री ९:२५

ताई, वाईट वाटलं. माझ्या धंद्यातल्यांनी हे करायला नको होतं. तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. आमच्याकडे होतो, १.५ टेस्ला आहे. मी स्वतः टेबलावर असेन. भावाला सांगा, या वेळी इंजेक्शन नाही, मोजायला काही मिनिटंच लागतात.

खाडीकाठ | तीन आठवड्यांनी, रात्री ११:१०

झाला. हृदयाचा टी-टू-स्टार ८.४.

एमआरआय_टेबल दादांनी चित्रं दाखवली. आठ चौकटी ओळीने. पहिल्या चौकटीत हृदयाची गोल कडा स्पष्ट, मधला पडदा राखाडी. दुसरीत मळकट. चौथीत पडदा आणि त्याच्या आतलं सगळं एकच काळं, कडा कुठे संपते ते कळेना. यकृत पहिल्यापासूनच काळं. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'म्हणजे मी आळशी नव्हतो.' मला उत्तरच सुचलं नाही.

जनुक तपासणीत काका म्हणाले तेच आलं, हेमोज्युवेलिन, दोन्ही प्रती बिघडलेल्या. आईबाबा आते-मामे भावंडं आहेत. आई तेव्हापासून गप्प आहे.

निवृत्त_इको | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३०

८.४ गंभीर आहे, पण पंपिंग अजून ५० च्या आसपास आहे. या टप्प्यावर उपचाराला चांगलं यश येऊ शकतं. २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद, करून घ्या. लोहाने ठोके बिघडतात, धडधड किंवा चक्कर आली तर दवाखाना गाठायला उशीर करू नका. एवढ्या लोहात डॉक्टर रक्त काढण्याच्या जोडीला लोह बांधून बाहेर नेणारं औषधही सुरू करतात. हृदय नाजूक असेल तर एका वेळी कमी रक्त काढतात.

आईंना माझा निरोप द्या. दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली, आणि एकेक प्रत असलेल्या माणसाला स्वतःला काही होत नाही. त्यांना हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. पण ताई, तुमची तपासणी झाली का? सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. बाईमाणसाला पाळीमुळे त्रास उशिरा दिसू शकतो, म्हणून तब्येत बरी आहे यावर जाऊ नका.

थॅलॅसेमियाची_आई | दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:००

औषधाचा पंप दिला तर मला फोन करा. पोटाला सुई कशी लावायची, रात्री कूस बदलताना नळी दुमडू नये म्हणून काय करायचं, सगळं सांगते. पहिल्या आठवड्यात सुईच्या जागी गाठ येते, तिला घाबरायचं नाही.

खाडीकाठ | नऊ महिन्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:४५

धागा वर काढतेय. पुष्कळांनी निरोपात विचारलं होतं.

दर आठवड्याला रक्त काढतात, सुरुवातीला ३०० मिलिलिटर, आता ४५०. त्याआधी दर वेळी हिमोग्लोबिन बघतात. आतापर्यंत ३४ पिशव्या झाल्या. रक्तपेढीत त्या पिशव्या नष्ट करतात हे कळलं तेव्हा भाऊ हिरमुसला, कुणाला तरी उपयोग व्हायला हवा होता म्हणाला. रात्रीचा पंप आठवड्यातून पाच दिवस. थॅलॅसेमियाच्या आईंनी व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला सुई लावायला शिकवलं. ती जी गप्प झाली होती, ती त्या दिवसापासून बोलायला लागली. आता पंप तीच भरते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

फेरिटिन १४६०. इन्सुलिन चालूच आहे, ते बहुधा राहील. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली.

परवा पुन्हा कोल्हापूरला जाऊन आलो. टी-टू-स्टार १३.१, पंपिंग ५७. या वेळी पडदा सहाव्या चौकटीपर्यंत दिसत होता. दादांनी जुनी आणि नवी चित्रं शेजारी लावून दाखवली.

माझं सॅच्युरेशन ३१ टक्के, फेरिटिन ६८. जनुकाची एक प्रत बिघडलेली, दुसरी चांगली. मोठी बहीण टाळत होती, ती येत्या शनिवारी तपासायला येतेय.

बाबांनी परवा परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला सगळं समजावून सांगितलं, इको आणि एमआरआयमध्ये फरक काय, भाता, कातडं, सगळं. गगनबावड्यापासून तळेऱ्यापर्यंत.

निवृत्त_इको | रविवार, रात्री ८:३०

फार आनंद झाला. २० च्या वर जाईपर्यंत पंप सोडू नका, कितीही बरं वाटलं तरी. पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी, त्याच मशीनवर.

गजालीकार | रविवार, रात्री ९:०२

बाय, भावाक घेवन ये. कालवां शिजवून ठेवतंय.